तांबडं टोक, निळं टोक

१ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या बाकावर पेटीवाला! मी पोचलो तेव्हा वही उघडून, वर तारीख घालून, हाताची घडी करून बसलेला. आमच्या काचेच्या कारखान्यात जन्मभर बाटल्या पेट्यांत भरून खिळे ठोकणारा हा माणूस. सभेत सलग दोन वाक्यं कधी बोलला नाही. तो इंग्रजी शिकणार. शिकू दे. ‘शिका’ म्हणून वीस वर्षं फाटकावर घसा फोडून मीच सांगतो आहे. पण पहिल्या बाकावर?

वर्ग युनियनच्या खोलीत. माझ्या टेबलासमोर, भिंतीवरच्या माझ्या फोटोखाली — फाटकापाशी हातात पहार घेऊन उभा आहे तो फोटो. दर रविवारी सकाळी आणि गुरुवारी पहिली पाळी सुटल्यावर. निमित्त ते पत्र. समुद्रापलीकडच्या काच-कामगारांच्या परिषदेने आमच्यातला एक माणूस बोलावला आहे. सव्वीस वर्षांपूर्वी भट्टी फुटली, फाटकाला बाहेरून कुलूप होतं, माणसं आत अडकली, कुलूप तुटलं, एकतीस जण बाहेर आले, दोघे आले नाहीत — हे तिथे इंग्रजीत दहा मिनिटं सांगायचं. एक मार्चला कमिटीपुढे वाचन, त्यातून निवड.

निवड कसली डोंबलाची? तो दिवस दर वर्षी सांगतो कोण? कुलूप तोडणारा म्हणून ओळखतात कोणाला?

शिकवणाऱ्या बाई कोर्टात तीस वर्षं जबान्या टाइप करून निवृत्त झालेल्या. लहान चणीच्या. आवाज तिसऱ्या बाकामागे पोचत नाही. म्हणाल्या, “तुम्हाला झालेलं सांगायचंय ना? मग आपण फक्त भूतकाळ शिकू. वर्तमान तुमचा तुम्ही सांभाळा.”

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज क्रियापदांची दोन घराणी. एक गरीब — शेपटीला ‘इड’ लावलं की मुकाट्याने भूतकाळात जातं. वॉक, वॉक्ड. दुसरं आडमुठं — नियम पाळत नाही, रूपच बदलतं. गो, वेंट, गॉन. मला हे दुसरं घराणं आवडलं. बंडखोर माणसाला बंडखोर क्रियापदं!

बाईंनी विचारलं, “ब्रेकचं काय होईल?” शब्द तर माझाच. उभा राहून खणखणीत सांगितलं — “ब्रेक, ब्रेक्ड.”

वर्गात खसखस पिकली. पेटीवाला बसल्या जागेवरून, जमिनीकडे बघत — “ब्रेक, ब्रोक, ब्रोकन.”

“कुठे पाठ केलंत?” बाईंनी विचारलं.

“पेट्यांवर लिहितो. खडूने. एका पेटीवर एक क्रियापद, तिन्ही रूपं. दिवसाला चाळीस पेट्या होतात.”

युनियनचा सेक्रेटरी म्हणाला, “म्हणजे गिऱ्हाइकाला बाटल्यांबरोबर व्याकरण फुकट.” सगळे हसले. मीही हसलो. जबडा दुखला.

मग बाईंनी प्रत्येकाला एक पेन्सिल दिली. जाड, एका टोकाला तांबडी, दुसऱ्याला निळी. नियम असा : भूतकाळातलं वाक्य लिहिलं की त्याखाली रेघ मारायची. स्वतः पाहिलेलं, केलेलं असेल तर तांबडी. कोणाकडून ऐकलेलं असेल तर निळी. “तीस वर्षं जबान्या टाइप केल्या,” म्हणाल्या. “माणसं पाहिलेलं आणि ऐकलेलं एकाच आवाजात सांगतात. मग उलटतपासणीत रडतात.”

बालिश प्रकार. लहान मुलांना रंग द्यावेत तसा. पेन्सिल खिशात टाकली.

८ फेब्रुवारी, रविवार

नकार शिकलो. मी फळ्यावर लिहिलं — “आय डिड नॉट वेंट.” बाई काही बोलायच्या आत हा पेटीवाला कुजबुजला, तेही माझी लाज राखल्यासारखं — “भाऊ, डिड आला की वेंटचं परत गो करायचं.”

“का म्हणून?”

“भूतकाळाचा शिक्का एकदाच मारायचा. पेटी दोघांनी उचलली तरी शिक्का एकच असतो ना? दोन मारले तर माल परत येतो.”

बाई केवढ्या हसल्या. हसल्या, आणि म्हणाल्या, “हे मी पुढच्या वर्गाला सांगणार.” मी या कारखान्यासाठी अडीच हजार भाषणं केली. पुढच्या कुठल्या वर्गाला कोणी त्यातलं एक वाक्य सांगितल्याचं ऐकिवात नाही.

९ फेब्रुवारी

जुना शब्दकोश काढला. साठ क्रियापदं घोकली. पन्नास लक्षात राहिली. त्याला दोनशे येतात म्हणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंशी वाद झाला. आधीच लिहितो — मी हरलो नाही.

त्या दिवसावर पाच ओळी लिहायच्या होत्या. मी लिहिलं : धूर येतो. फाटक बंद आहे. मी पहार उचलतो. मी कुलपावर घाव घालतो. कुलूप पडतं. बाईंनी पाचही वाक्यांवर काट मारली. “हे आत्ता घडतंय का?”

मी म्हणालो, “बाई, हीच तर वक्तृत्वाची कला आहे. ‘उचलली’ म्हटलं की पहार मेली. ‘उचलतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हातात पहार येते. मोठमोठ्या वक्त्यांनी हेच केलं आहे. मी त्यांची भाषणं वाचली आहेत, पुस्तकंच्या पुस्तकं.”

“असेल. पण पत्रात काय लिहिलंय? झालेलं सांगा. पहार तुमच्या हातात होती ना? मग ‘होती’ म्हणायला काय हरकत आहे?”

काही हरकत नाही. पाचही वाक्यं भूतकाळात फिरवली. विचित्र वाटलं. भाषणातला तोच प्रसंग, पण भिंतीला टेकवून ठेवलेल्या पहारीसारखा गार. इंग्रजीतला भूतकाळ मला मानवत नाही, एवढंच.

पेटीवाल्याने दीड पान लिहिलं. दीड पान! बाईंनी ते वाचताना चष्मा काढून पुसला. काय लिहिलं असेल त्याने, मला दिसलं नाही. वही त्याने हाताखाली झाकली होती.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी चिरत होती. म्हणाली, “चांगला आहे तो माणूस. विचारलं तेवढंच सांगतो.”

“म्हणजे मी विचारल्यापेक्षा जास्त सांगतो?”

“अहो, मी तुमचं नावसुद्धा घेतलं नाही.”

१५ फेब्रुवारी, रविवार

शिंप्याकडे कोटाचं माप दिलं. परदेशात थंडी असते. ही म्हणाली, “कोट कोणाच्या मापाचा ते एक तारखेला ठरणार होतं ना?” एवढी वर्षं बायको म्हणून राहिली, पण विरोधी पक्ष कधी सोडला नाही तिने.

आज तिने कपाटावरच्या वक्तृत्वाच्या ढाली पुसल्या. पुसता पुसता मोजल्या. “सातच कशा? आठ होत्या ना?”

“असेल कुठेतरी.”

“हं,” म्हणाली. तिच्या ‘हं’मध्ये एक अख्खी सभा असते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज तो दिवस. सव्विसावं वर्ष. पाळी बदलताना फाटकापाशी सभा. मी स्टुलावर चढलो आणि नेहमीसारखा सुरू झालो. आवाज लागला होता. भट्टीकडचे नवे कामगारसुद्धा टोप्या काढून उभे. “धूर येतो! कुलूप बाहेरून! मी पहार उचलतो—”

तेव्हा तो दिसला. दुसऱ्या रांगेत पेटीवाला, नजर माझ्या तोंडावर आणि ओठ हलताहेत. आधी वाटलं, भाषण पाठ आहे याचं. मनातून सुखावलो, खोटं कशाला सांगू. शेवटी माझाच श्रोता. सभा संपल्यावर खांद्यावर हात टाकून विचारलं, “काय, माझ्याबरोबर म्हणत होतास?”

“नाही भाऊ. तुमची वाक्यं इंग्रजीत भूतकाळात फिरवत होतो. सरावाला बरी पडतात. तुम्ही एकेक क्रियापद सुटं सुटं टाकता ना.”

सराव! माझ्या डोळ्यांत पाणी, माणसांच्या अंगावर काटा, आणि हा गृहस्थ माझ्या आगीवर आपली क्रियापदं शेकत होता.

वर विचारतो, “भाऊ, पहारीच्या वाक्याला रेघ कुठली मारू?”

“तुला काय वाटतं?”

“मी निळी मारतो,” म्हणाला. आणि पाळीवर गेला.

इतकी वर्षं ही एकदाही ते भाषण ऐकायला आलेली नाही. आज सहज विचारलं. म्हणाली, “मला पाठ आहे.”

१९ फेब्रुवारी

वर्गाला गेलो नाही. घसा बसला म्हणून कळवलं. घसा ठणठणीत आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

गेलो. न जाऊन करतो काय!

आज ‘हॅड’ शिकवला. भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ. एक गोष्ट झाली, पण तिच्याआधीच दुसरी होऊन गेली होती — तर त्या आधीच्या गोष्टीला हॅड. बाईंनी उदाहरण घातलं : मी पोचलो तेव्हा गाडी सुटून गेली होती. सगळ्यांनी आपापलं एकेक वाक्य करायचं. मी पोचलो तेव्हा— एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. खोलीत उकडत होतं. शेवटी बाईंचंच वाक्य उतरवून दिलं, गाडीच्या जागी बस घालून.

मग रंगीत रेघा तपासल्या. माझ्या सगळ्या वाक्यांखाली तांबडी. बाईंनी पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि वही परत दिली. वकिलाने उलटतपासणी घ्यावी ती परवडली.

पेटीवाल्याची पेन्सिल बाकावर पडली होती. तांबडं टोक झिजून नखाएवढं उरलेलं. निळं जवळजवळ कोरं. असं कसं? हा माणूस दिवसभर पेट्यांत मान घालून बसतो. याने एवढं काय पाहिलं?

निघताना जिन्यात सेक्रेटरीने गाठलं. बारा वर्षं माझी भाषणं लिहून घेणारा सेक्रेटरी! म्हणतो, “भाऊ, पेटीवाल्याने मला थोडं वाचून दाखवलं. साधंच आहे. पण माझ्या आतड्याला पीळ पडला.”

“माझ्या भाषणाने पडत नाही?”

“तुमच्या भाषणाने मूठ वळते, भाऊ. ते वेगळं.”

वेगळं! मी पुस्तकं वाचली, रक्त आटवलं, शब्द घासूनपुसून ठेवले. हा खडूने पेट्यांवर रेघोट्या ओढतो आणि लोकांची आतडी पिळतो. त्याचा आवाज नाही, त्याची मान वर होत नाही, त्याला टाळी कुठे घ्यायची कळत नाही. तरी माणसं त्याच्याकडे सरकतात. आज दुसऱ्या बाकावरचे तिघे उठून पहिल्या बाकावर गेले. माझ्या शेजारी पाण्याचा माठ राहिला.

मला त्याचा हेवा वाटतो. लिहून टाकलं. दुसऱ्या कोणाला सांगणार आहे?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वर्ग सुटल्यावर वह्या कपाटात राहतात. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. अध्यक्ष ना मी.

त्याची वही घरी आणली आहे. पिशवीत, वर्तमानपत्राच्या घडीत. उद्या सुट्टी आहे, तेव्हा वाचीन. चुका शोधायच्या आहेत. चुका असणारच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारभर वाचली. चुका तीन. तिन्ही स्पेलिंगच्या.

काय लिहिलं आहे ते इथे मराठीत उतरवतो, म्हणजे माझ्याच हाताने माझ्यासमोर राहील.

“त्या दिवशी माझी पाळी नव्हती. मी दुसऱ्याच्या पाळीवर आलो होतो.” खाली तांबडी रेघ. “मी बाटल्या मोजत होतो तेव्हा भट्टी फुटली.” तांबडी. “आम्ही फाटकाकडे पळालो. कुलूप बाहेरून होतं. गजांतून हात घालून आम्ही पहार लावली. पहारीवर खूप हात होते. माझ्या हातावर एक हात होता, त्याच्यावर आणखी एक. कोणाच्या हाताने कुलूप तुटलं ते मला दिसलं नाही, कारण धूर होता.” सगळ्याला तांबडी. “दोघे आमच्या मागे होते. मी मागे वळून पाहिलं नाही.” याखाली तांबडी रेघ दोनदा ओढली आहे. कागद फाटला आहे तिथे.

मग एकच वाक्य, सुटं. “कुलूप भाऊंनी तोडलं.” खाली निळी रेघ. अगदी सरळ, पट्टी लावून मारलेली.

पूर्ण वहीत निळी रेघ ती एकच.

त्या दिवशी स्वतः फाटकापाशी असलेला माणूस माझ्याबद्दल लिहितो — हे मी ऐकलं आहे. खोटं आहे असं नाही म्हणत. खरं आहे असंही नाही. सव्वीस वर्षं मला पाठीशी घातलं आणि आताही, परक्या भाषेत, पट्टी लावून.

ज्याच्या पाळीवर तो आला होता त्याचं नाव त्याने कुठेच घातलेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आता लिहितोच.

ती पाळी माझी होती. मी त्याला म्हटलं, “आजचा दिवस सांभाळ, शेजारच्या गावी वक्तृत्व स्पर्धा आहे.” तो “बरं” म्हणाला. एवढंच बोलणं. मी गेलो, बोललो, पहिला आलो. ढाल बगलेत मारून संध्याकाळच्या बसने परतलो तेव्हा फाटक उघडलं गेलं होतं, माणसं रस्त्यावर बसली होती आणि दोन चादरी जमिनीवर होत्या. पहार फाटकाशी पडली होती. ती मी उचलली. का उचलली? कोणी तिच्यात अडखळू नये म्हणून. तेवढ्यात फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत तेव्हाच्या अध्यक्षांनी — आता ते हयात नाहीत — माझा हात वर धरला. “याने कुलूप तोडलं!” त्यांना फोटो पुरे होता. मी बोलायला तोंड उघडलं. नाही म्हणायलाच उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला त्याआधी कधी पडल्या नव्हत्या. पहार दहा हातांत होती, आणि दहा हातांना हार घालता येत नाही. लोकांना एक गळा हवा होता. माझा समोर होता.

पहिल्या वर्षी मी फक्त गप्प राहिलो. दुसऱ्या वर्षी ‘आम्ही तोडलं’ म्हणालो. तिसऱ्या वर्षापासून ‘मी तोडतो’. होय, ‘तोडतो’. बाईंपुढे मी वक्तृत्वाची कला म्हणून मिरवली ती ही. ‘तोडलं’ म्हणायला जीभ वळली नसती.

आठवी ढाल ट्रंकेच्या तळाशी आहे. तिच्यावर तारीख कोरलेली आहे.

आज दुपारी ही माझ्यासमोर येऊन बसली. वहीकडे बघून म्हणाली, “त्याची आहे?”

“हो.”

“परत नेऊन ठेवा. त्याला उद्या लागेल.”

“तुला सगळं माहीत आहे?”

“ढाल मीच ठेवली होती ट्रंकेत. पहिल्याच वर्षी. तुम्हाला वाटलं तुम्ही लपवलीत? तुम्ही नुसती कपाटामागे टाकली होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मला बोलायला जागा कधी ठेवलीत? आणि वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. एवढं बोलणारा माणूस, एक वाक्य जड जाईल असं वाटलं नव्हतं.”

वही नेऊन कपाटात ठेवली. खोलीत कोणी नव्हतं. फोटोखाली बराच वेळ बसलो. वाटलं होतं, हेवा आता तरी जाईल. नाही गेला. वाढला. इंग्रजीचा हेवा होता तोवर ठीक होतं, ते घोकून येतं. पहिल्या बाकाचा होता तोवरही ठीक होतं. त्याच्याजवळ तो दिवस आहे. धूर, गज, मागे न पाहिलेले दोघे, सगळा त्याचा. सव्वीस वर्षं तो त्याने कोणाला न दाखवता अंगावर वागवला. माझ्याजवळ त्या दिवसाचं भाषण आहे, आणि एक पत्र्याची ढाल.

माझं वाचन तयार आहे. चार पानं. सगळी क्रियापदं तपासून झाली, सगळ्याखाली तांबडी रेघ. कमिटी माझी आहे. उद्या उभा राहिलो तर पेटीवाला तोंड उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

कोट शिंप्याकडून आला आहे. दारामागे टांगला आहे.

१ मार्च, रविवार

माझी पाळी पहिली. चार पानं खिशातच ठेवली. नवा कागद घेतला, एक वाक्य लिहिलं, तांबडी रेघ मारली आणि उभा राहून वाचलं — “आय वॉज नॉट देअर.” बाई म्हणाल्या, “बरोबर आहे. पुढचं वाक्य?”

म्हटलं, पुढचं त्याच्या वहीत आहे.